तुझं दळण शेवटी

“डावा कान गिरणीला दिला. उजवा तुझा. बोल.”

असं म्हणून आबा मान वाकडी करायचे आणि उजव्या कानामागं तळहात धरायचे. तळहाताला पीठ असायचंच. त्यामुळं दिवस कलेपर्यंत आबांचा उजवा कान पांढराफेक व्हायचा आणि डावा मूळच्या रंगाचा राहायचा. नवख्या माणसाला हसू यायचं. मलाही पहिल्या दिवशी आलं. आबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “हसा म्याडम. फुकाट हाय.”

आता खरी गंमत ऐका. आमच्या संस्थेनं आबांना ज्या कामासाठी निवडलं होतं, ते काम होतं ऐकण्याचं. साऱ्या गावातून त्यासाठी आम्हाला सापडला तो अर्ध्या कानाचा माणूस.

काम काय होतं ते आधी सांगते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या भीमाकाठच्या गावांत कितीतरी तरुण पोरं आतल्या आत कुढत असतात. झोप उडालेली असते, जेवण तुटलेलं असतं, मनात नको ते विचार येत असतात. गावात मनाचा डॉक्टर नसतो. तालुक्याला असला तरी तिथं जायचं कुणाच्या देखत, हा प्रश्न असतो. म्हणून गावातलाच एखादा भरवशाचा माणूस हेरायचा, त्याला थोडं शिकवायचं. त्यानं पोरांचं ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा आणि गोष्ट हाताबाहेरची वाटली की आम्हाला कळवायचं. मी राहायला दौंडला. अशा गावांतल्या माणसांना भेटणं, त्यांच्या अडचणी ऐकणं, ही माझी नोकरी. आठवड्यातून एकदा स्कूटीवरून पूल ओलांडून मी आबांच्या गावी जायचे. गाव वडगाव रासाईच्या बाजूचं. त्याचं नाव सांगत नाही आणि आबांचंही नाही. नावं जाहीर केल्यानं काय होतं, ते पुढं येईलच.

शिक्षण शिरूरला एका मंगल कार्यालयात होतं. पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, समोरचा बोलत असताना त्याच्या डोळ्यांत बघा. आबा उठून उभे राहिले. “आमच्याकडं डोळ्याला डोळा लावला तर पोरं बोलत न्हाईत म्याडम. बाह्या मागं सारत्यात.” हॉलभर हशा पिकला. जेवणानंतरच्या सत्रात मात्र आबा चक्क घोरले. त्याच सत्रात आत्महत्येचा विचार कसा ओळखायचा ते शिकवलं होतं. ते मला नंतर गिरणीत बसून त्यांना पुन्हा शिकवावं लागलं.

आबा काही साधुसंत नव्हते. चिडके होते. कुणी ओलसर गहू आणले की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. कुठल्याही मुलाचं काहीही दुखणं असो, त्यांचा पहिला इलाज ठरलेला: “लगीन करून टाका.” मी किती वेळा त्यांच्यापुढं हात जोडले असतील. “आबा, सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं.” तेव्हा ते म्हणायचे, “बरं. लग्नाचं न्हाई बोलत. ज्वारीची भाकर खा, एवढं तरी सांगू का?” आम्ही ज्वारीच्या भाकरीवर तडजोड केली होती.

पण त्यांची कामाची रीत मी दुसरीकडं कुठंही पाहिली नाही. ती त्यांना कुणी शिकवलेलीही नव्हती.

गावात गिरणीवर दळण घेऊन कोण जातं, तुम्हाला ठाऊक आहेच. घरातलं जे पोर मोकळं सापडेल ते. बाप शेतात, आई चुलीशी, म्हणजे डबा पोराच्या किंवा पोरीच्या हातात. त्यामुळं गावातली सगळी तरुण मंडळी आबांच्या नजरेखालून आठवड्यातून एकदा तरी जायचीच. एखाद्याचं लक्षण ठीक दिसलं नाही, की आबा त्याच्या डब्यात हात घालून दाणे चाळल्यासारखं करायचे आणि फर्मान काढायचे.

“बाजरी हाय व्हय? गव्हाच्या मधी बाजरी घेत न्हाई मी. तुझं दळण शेवटी.”

झालं. ते पोर शेवटपर्यंत अडकलं. बाकीच्यांचे डबे एकेक करून जायचे आणि मग गिरणीत राहायचे आबा, ते पोर आणि मोटरचा आवाज. त्या आवाजात शेजारी बसलेल्याला शेजारच्याचं ऐकू येत नाही. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आणि कानाशी तोंड नेलं, की माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. लाज थोडी कमी होते. ‘उजवा तुझा’ म्हणजे हे.

हा बाजरीचा नियम रोज बदलायचा. ज्याला थांबवायचं त्याचे गहू असले, तर त्या दिवशी बाजरीवर गहू घेत नसत. एक म्हातारी एकदा कडाडली, “मागल्या खेपेला तर घेतलं हुतंस की बाजरीवर!” आबा शांतपणे म्हणाले, “मागल्या खेपेची बाजरी येगळी हुती.” म्हातारी डबा आपटून निघून गेली, पण पोराला का थांबवलंय ते तिला कळलं नाही. कुणालाच कळत नव्हतं. गिरणीत जाणं म्हणजे दळायला जाणं. त्यात कुणाला कसली शंका येणार?

मध्येच लाईट गेली, की गिरणी बंद पडायची आणि सगळीकडं सामसूम व्हायची. मग आबा लगेच कान मागं घ्यायचे आणि मोठ्यांदा उसाच्या भावावर सुरू व्हायचे. लाईट आली, पट्टा फिरायला लागला, की पुन्हा मान वाकडी. “हां. कुठवर आल्तास?”

मला ते कधी नावं सांगत नसत. मी गेले की चहा मागवायचे आणि म्हणायचे, “एक हाय. झोपत न्हाई.” किंवा, “एक हाय. दोन दिस घरात भांडण हाय, तिसऱ्या दिशी बरं हाय. न्हाई काळजीचं.” एवढाच अहवाल. ऑफिसातून माझ्यामागं फॉर्मची भुणभुण असायची. मी आबांना सांगायचे, नाव नको, निदान वय तरी सांगा. ते म्हणायचे, “वय सांगितलं की गावात पोरगं कळतंय. चार-दोन तर हायत.”

एकदाच त्यांनी आपणहून नाव सांगितलं. गावच्या सोसायटीचे चेअरमन आहेत, त्यांच्या मुलीचं. बारावी झालेली मुलगी, बोलायची थांबली होती, अंघोळ-जेवण सुटलं होतं. घरात देवऋषी, उतारे, सगळं करून झालं होतं. तिच्या आईनं तिला हवा बदलायला म्हणून गिरणीवर पाठवलं. आबांनी दळण शेवटी ठेवलं, कान पुढं केला, बराच वेळ धरून ठेवला. मुलगी एक शब्द बोलली नाही. त्याच दिवशी मला फोन आला. “म्याडम, हे माझ्या कानाचं काम न्हाई. डॉक्टरचं हाय. लवकर या.” मी तिला आणि तिच्या आईला दौंडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. शिरूरला नेलं नाही, कारण शिरूरच्या बाजारात सगळं गाव भेटतं. नदीपलीकडं कोण ओळखतंय. औषधं सुरू झाली, आम्हीही जाऊन येऊन राहिलो आणि पोरगी हळूहळू उजळली. पुढं कॉलेजला लागली. मला आजही तिची आठवण आली की बरं वाटतं. आमच्या कामात अशी बरं वाटण्याची ठिकाणं फार नसतात.

चेअरमननी त्या वेळी आबांचे पाय धरले. तो माणूस उमदा आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं ते वाईट बुद्धीनं कुणीच केलं नाही. वाईट बुद्धीनं केलं असतं तर मला चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

आता आणखी एका मुलाबद्दल सांगते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तुम्ही पाहिली असतील, पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पळत असतात. हा त्यातलाच. धावण्यात सगळ्यांच्या पुढं, पण लेखीत दोनदा थोडक्यात हुकलेला. दुसऱ्यांदा हुकल्यावर त्यानं पळणं सोडलं. घरात आई आणि तो. आई मोठ्या आशेनं त्याला रोज दूध-अंडी खायला घालायची आणि ते खाताना आपल्याला चोरासारखं वाटतं, असं त्यानं आबांना सांगितलं होतं. आबांनी मला सांगताना फक्त “एक हाय, भरतीचा” एवढंच म्हटलं.

मी विचारलं, “मरणाबद्दल विचारलंत का?”

हाच त्यांचा सगळ्यात अवघड धडा होता. “असं अभद्र त्वांडानं कसं काढायचं? इचारलं आन् त्याच्या डोक्यात न्हवतं ते शिरलं म्हंजी?” मी पुन्हा समजावलं, विचारल्यानं शिरत नाही, आत असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. ते बराच वेळ कापडानं पेटीवरचं पीठ झटकत राहिले.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा चहा मागवला नव्हता. आबा म्हणाले, “इचारलं.”

“मग?”

“व्हय म्हणला. कवा कवा येतंय मनात.” मग म्हणाले, “इतकं हळू म्हणला म्याडम, पर आलं ऐकू.”

त्या दिवशी मी मुलाला पहिल्यांदा भेटले, गिरणीतच, गिरणी चालू असताना. उंच, खांदे रुंद, मान खाली. त्याची एकच भीती होती. “डॉक्टरकडं गेल्यालं कळलं तर भरतीत बाद करत्यात. आन् गावात एकदा येडा म्हणले की म्हणले.” मी त्याला दौंडचं सांगितलं. बुधवारी दवाखान्याच्या फाटकाशी मी उभी असेन, तू मोटरसायकलवरून पूल ओलांडून ये, डॉक्टरांशी बोल, परत जा. गावात फक्त आबांना ठाऊक. त्यानं आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. तो म्हणाला, “येतो.” मला त्याचा तो शब्द अजून ऐकू येतो. त्यात जोर नव्हता, पण तो खोटा नव्हता.

बुधवारच्या आधीच्या रविवारी गावची यात्रा होती.

आखाड्यात कुस्त्या सुरू होण्याआधी सत्कार असतात, ही आपल्याकडची रीत. चेअरमननी मनात काही महिने धरून ठेवलेली गोष्ट त्या दिवशी केली. आबांना हाताला धरून आखाड्यात आणलं, फेटा बांधला, शाल घातली आणि माईक हातात घेतला. “ह्या माणसानं गावातली किती पोरं वाचवली, तुम्हाला ठाव न्हाई. मला ठाव हाय. माझ्या घरात मी बघितलंय.” पुण्या-मुंबईहून आलेले, पाहुणेरावळे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा डोळे मिटून उभे होते. लोकांना वाटलं, भरून आलंय.

आणि चौकात बोर्ड लागला होता. आपल्याकडं वाढदिवसाचा लागतो, निवडीचा लागतो, कुणाची गाडी आली तरी लागतो, मग एवढ्या मोठ्या कामाचा का लागू नये? चेअरमन मला फोनवर हेच म्हणाले होते. मी “नको, नको” म्हणेपर्यंत तो शिरूरहून छापूनही आला होता. फेटा बांधलेले आबा हात जोडून. त्यांच्यापेक्षा थोडेच मोठे चेअरमन. मधोमध लाल अक्षरांत ‘मानसिक रुग्णांचे आधारस्तंभ, गावचे भूषण’. आणि खाली, शुभेच्छुक म्हणून, तरुण मंडळाच्या पोरांचे गोल गोल फोटो. काळे चष्मे लावलेले, मोबाईल कानाला लावलेले. मंडळाच्या प्रत्येक बोर्डावर तेच फोटो असतात, छापणाऱ्याकडं ते ठेवलेलेच असतात. खालच्या ओळीत कडेला तो भरतीचा मुलगाही होता. कधीकाळी काढलेला फोटो, पहिली भरती द्यायला निघाला तेव्हाचा असावा. छाती पुढं, हसरा.

पानाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, “वर डागदर, खाली पेशंट.”

बास. यात्रेत तमाशाला जेवढी माणसं हसली नसतील तेवढी या वाक्याला हसली. संध्याकाळपर्यंत बोर्डाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. मंडळाची पोरं एकमेकांना “काय पेशंट?” म्हणून टाळ्या देत होती. सगळ्यांच्या दृष्टीनं ती चेष्टा होती. एकासाठी नव्हती, आणि तो एक कोण, हे त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. बाह्यरुग्ण विभाग बंद झाला, कँटीनवाला आवरायला लागला, तरी उभी होते. फोन बंद लागत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई गिरणीवर आली, पेढे घेऊन. “लेकाला काम लागलं आबा. कारेगावला, कंपनीत. मित्रानं लावलं. सोमवारीच गेला.” आबांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाले, “झॉक झालं.” हे त्यांनीच मला सांगितलं.

त्या आठवड्यापासून गिरणीतली रांग बदलली. गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली. पण डबे घेऊन आता बायका स्वतः येऊ लागल्या, म्हातारे येऊ लागले. “आबा, आमचा बी गुडघा दुखतोय, बघा की काय तुमचं मानसिक.” पोरं येईनात. एक-दोन घरांत शेजारच्या गावी दळण जायला लागलं, काही घरांत तयार पिठाच्या पिशव्या आल्या. एका आईनं तर सरळ सांगितलं, पोरगी लग्नाची हाय, तिला तुमच्याकडं बसल्यालं कुणी बघितलं तर उगं नाव व्हायचं. जिथं जाणं म्हणजे फक्त दळायला जाणं होतं, तिथं जाणं म्हणजे आता काहीतरी झालंय असं ठरलं होतं. आबा दिवसभर दळत असायचे. बाजरीवर गहू, गव्हावर बाजरी, जसं येईल तसं. शेवटी थांबवायला कुणी उरलं नव्हतं.

ते चेअरमनकडं गेले. म्हणाले, “बोर्ड काढा.”

“का? काय चुकलं का आबा?”

इथं खरी अडचण होती. का ते सांगायचं तर सांगावं लागणार, की आबांकडं गुपचूप येणारी पोरं बोर्डामुळं यायची थांबली. मग प्रश्न येणार, कोण कोण? आबा म्हणाले, “माझा फोटो बरा न्हाई आला.” चेअरमन हसले. मोठी माणसं अशीच साधी असतात, असं त्यांनी चार जणांना कौतुकानं सांगितलं. बोर्ड राहिला.

मग एका सकाळी आबांनी शिडी लावली आणि भर चौकात, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हातानं बोर्ड उतरवला. गुंडाळी करून गिरणीच्या मागं टाकला. आता मात्र गाव दुखावलं. केलेल्या मानाची ही किंमत? चेअरमन कित्येक दिवस बोलले नाहीत. मी स्वतः त्यांना भेटून काहीतरी सांगावं असं फार वाटायचं, पण मीही त्याच शब्दाला बांधलेली होते. ‘गुप्तता’ हा शब्द आम्ही शिक्षणात फळ्यावर लिहितो. तो इतका जड असतो हे फळ्यावर दिसत नाही.

आबा म्हणाले, “कारेगावला जाऊ. तुमच्या गाडीवर बसतो मी.”

आबा आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसले. वाटभर माझा खांदा धरून होते आणि प्रत्येक ट्रकला शिव्या देत होते. कारेगावात खोल्यांच्या चाळींच्या चाळी आहेत. दारोदार वाळत घातलेले एकाच रंगाचे शर्ट, सगळ्या मुलखांतली पोरं, मराठीपेक्षा हिंदी जास्त. विचारत विचारत कंपनी सापडली. दुपारची पाळी सुटायची वेळ होती. आम्ही फाटकासमोर चहाच्या गाडीशी उभे राहिलो.

तो दिसला. गळ्यात ओळखपत्र, बरोबर तीन-चार पोरं. आबांना बघून त्याचा चेहरा एकदम बंद झाला.

“कौन है भाई?” बरोबरच्यानं विचारलं.

“गाँव के हैं. चक्कीवाले.” मग आबांकडं वळून मोठ्यांदा, “बरं हाय ना आबा? इकडं कुणीकडं?”

आबांनी एक पाऊल पुढं टाकलं, मान थोडी वाकडी केली आणि पुन्हा सरळ केली. त्या पोरांच्या देखत काय विचारणार? झोप येते का? ते विचार येतात का? इथं कंपनी होती, नवी माणसं होती, नवी सुरुवात होती. आबांनी काही विचारलं असतं तर तीही गेली असती. त्यांनी स्वतःला आवरलं. एवढंच म्हणाले, “तुझं दळण ऱ्हायलंय. न्यायला ये कवा तरी.”

“आईला सांगतो,” तो म्हणाला. आणि कंपनीच्या बसमध्ये चढला. खिडकीशी जागा मोकळी होती, पण तो पलीकडच्या बाजूला बसला.

परतताना आबांनी एकाही ट्रकला शिवी दिली नाही. न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर म्हणाले, “आईला सांगाया पायजे. शब्द मोडंल. मोडू दे.”

शब्द त्यांनी मोडला. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले, गावातलं माणूस गावातल्याला बरं सांगतं. आईला त्यांनी अगदी हळुवारपणे सांगितलं असणार, मला खात्री आहे. पण ती बाई ताडकन उठली. “बोर्डावर लिवलंय म्हणून माझं बी पोरगं त्यात धरलं व्हय तुमी? चांगलं कामाला लागलंय ते. त्याचं वाटुळं करू नगा.” तिचाही काय दोष? एकुलतं पोर सुधारलंय असं तिला दिसत होतं. त्या दिवसापासून तिनं दळणही बंद केलं आणि मुलानं आबांचा फोन उचलणंही.

त्यानंतर आबा मला आधीसारखे दिसले नाहीत. चहा मागवायचे, पण “एक हाय” म्हणायचे नाहीत. मीच विचारायचे, तर म्हणायचे, “कुणी न्हाई म्याडम. समदं गाव बरं झालं.” मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. एकदा मी म्हटलं, आपण दुसरी काही रीत काढू. ते म्हणाले, “रीत काढायची नसती. ती पडती. पडायला लई वर्सं लागत्यात.”

पावसाळा सरल्यावर आबा गेले. सकाळी गिरणी उघडायला म्हणून निघाले आणि अंगणात बसले ते उठलेच नाहीत. त्यांचा मुलगा दौंडला रेल्वेत आहे, त्याच्याकडूनच मला कळलं. मी लगेच कारेगावला त्या भरतीच्या मुलाला फोन लावला. माझा फोन त्यानं उचलला.

“आबा गेले रे.”

पलीकडं मशीनचा आवाज येत होता.

“दशक्रिया कवा हाय?” त्यानं विचारलं. मी दिवस सांगितला. “ड्युटी हाय म्याडम. बघतो.”

“तू बरा आहेस ना?”

“बरा हाय की,” तो म्हणाला. असं तो कुणालाही म्हणाला असता.

दशक्रियेला भीमेच्या घाटावर सगळं गाव जमलं होतं. चेअरमन सगळ्यांत पुढं होते, रुसवा कधीच गेला होता, डोळे सुजले होते. पिंड मांडले आणि माणसं मागं सरली. आपल्याला ठाऊक आहे, माणसाचं काही मागं राहिलेलं असेल तर कावळा लवकर शिवत नाही. मग घरचे एकेक गोष्ट कबूल करतात, पोरीचं लग्न करू, शेत विकणार नाही, असं करत तासच्या तास जातात. आबांच्या मुलानंही तयारी ठेवली होती, गिरणी चालू ठेवतो म्हणून सांगायची.

काही सांगावं लागलं नाही. माणसं मागं सरतात न सरतात तोच समोरच्या बाभळीवरून कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. घाटावर समाधानाचा एकच सुस्कारा उठला. चेअरमननी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “बघितलंत म्याडम? काय सुदीक मागं ऱ्हायलं न्हाई आबाचं. तृप्त माणूस गेला.”

मी हात जोडून “हो” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? लोक पायऱ्या चढून घराकडं निघाले, कुणी जेवणाचं विचारत होतं, कुणी गाड्या काढत होतं. मी मात्र अजून एकेक चेहरा बघत होते. कारेगावकडून येणारी एसटी येऊन गेली होती. तो आला नव्हता.